वही कुणाच्या हातात?

दिवाळी झाली की ठाणे, पालघर, रायगडच्या कातकरी वस्त्यांना कुलपं लागतात. बयाणा आधीच खाऊन झालेला असतो. तो फेडायला नवरा, बायको, पोरं सगळी वीटभट्टीवर जातात. चिखल तुडवायचा, विटा थापायच्या, मजुरी हजारावर. किती हजार झाल्या ते मालक वहीत लिहितो. पावसाच्या तोंडाला हिशोब होतो तेव्हा निघतं काय, तर बयाणा अजून फिटला नाही, पुढच्या वर्षी परत या. वीट आमच्या हातची, पण वही त्याच्या हातात. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 साली झाला, ही वही काही बंद झाली नाही.

हे आज पुन्हा लिहायचं कारण असं की आता एक नवी वही येते आहे. तिचं नाव कार्बनची वही.

ती काय ते आधी समजून घेऊ. कोळसा, डिझेल जाळलं की जो वायू निघतो आणि जगाची हवा तापवतो, तो म्हणजे कार्बन. सिमेंटचं तर असं आहे की चुनखडी भट्टीत साधारण 1450 अंशांवर तापवतात, तेव्हा कोळशाचा धूर वेगळा आणि दगडातूनच निघणारा वायू वेगळा. म्हणून आता काही देश म्हणतात, सरकारी पैशाने पूल, रस्ता, इमारत बांधायची तर माल बनवताना किती कार्बन निघाला याचा दाखला आधी द्या. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने 2017 साली सळई, पोलाद, काच यांच्यासाठी असा कायदा केला. आपल्याकडेही सुरुवात होते आहे. केंद्राच्या पोलाद मंत्रालयाने डिसेंबर 2024 मध्ये ठरवलं की एक टन पोलादामागे 2.2 टनांपेक्षा कमी कार्बन निघाला तर त्याला हरित पोलाद म्हणायचं, आणि जितका कमी तितके तारे जास्त.

आम्ही याच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. पाऊस अवेळी पडला तर आमची नाचणी, वरई जाते, ऊन वाढलं तर आमची विहीर आधी आटते. हवा तापू नये असं आम्हाला वाटणार नाही तर कुणाला वाटेल? सरकारी कामात माल कुठला, कसा बनला हे उघड झालंच पाहिजे. आमचं म्हणणं एवढंच आहे की उघड करायचं तर अर्धवट करू नका.

या दाखल्याच्या मोजणीला इंग्रजीत 'क्रेडल टू गेट' म्हणतात. म्हणजे पाळण्यापासून फाटकापर्यंत. फाटक कारखान्याचं. आणि पाळणा? पाळणा म्हणजे जिथून दगड, चुनखडी, लोखंड निघतं ती जमीन. ती जमीन कुणाची होती, तिथल्या ग्रामसभेने हो म्हटलं होतं का, याला त्या दाखल्यात रकानाच नाही. पाळणा मोजला, पण तो कुणाच्या दारातून उचलला ते लिहिलं नाही.

महाराष्ट्रात सरकारने तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हटलं आहे. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. आता बांधकामाचा माल बघा. वीट कातकऱ्यांच्या हातची. चुनखडीचा पट्टा चंद्रपूरच्या कोरपना, राजुरा, जिवती भागात, तिथे कोलाम आणि गोंडांची गावं. लोहखनिजाची खाण गडचिरोलीत एटापल्लीच्या सुरजागड डोंगरावर, जिथे माडियांचा ठाकूरदेव आहे आणि जिथल्या ग्रामसभा विरोध करत आल्या आहेत. वीट, सिमेंट, सळई, तिन्हींच्या मुळाशी राज्यातली सगळ्यात दुबळी ठरवलेली तीन माणसं. आमच्या मीरा-भाईंदरच्या मेट्रो 9 च्या खांबात सुरजागडचंच लोखंड आहे असं आम्ही म्हणत नाही. खांबाखाली उभं राहून ते सांगता येत नाही, हीच तर आमची तक्रार आहे.

आता आपल्या दाराशी या. काशीमिरा, काजूपाडा, चेणे, घोडबंदर. डोंगर पोखरून खडी निघाली, त्या खडीवर शहर उभं राहिलं. 2002 साली महानगरपालिका झाली, पाडे वॉर्डात गेले. पेसा कायदा इथे लागत नाही, कारण हा अनुसूचित भाग नाही. वनहक्क कायदा 2006 मात्र वनजमीन जिथे असेल तिथे लागतो, तरी दावा घेऊन गेलं की ऐकायला मिळतं, तुम्ही शहरात राहता, तुमचं कसलं जंगल.

कार्बनचा हिशोब आमच्या विरुद्ध कसा वापरतात तेही आपण पाहिलं आहे. 2019 च्या ऑक्टोबरात आरेत रात्रीतून करवती चालल्या, दोन हजारांहून जास्त झाडं गेली. तिथल्या पाड्यांना सांगितलं गेलं की मेट्रो ही झाडांपेक्षा जास्त कार्बन वाचवते. आपल्याकडे मुर्धा, राई, मोर्वाच्या लोकांनी विरोध केला म्हणून मेट्रो 9 चं कारशेड डोंगरीला नेलं, आणि तिथे 2025 साली 12 हजारांहून जास्त झाडांची नोटीस निघाली. उद्या तिथे कमी कार्बनचं सिमेंट वापरलं, तारे मिळालेली सळई वापरली, तर फलकावर हरित काम असं लिहायला कोण अडवणार? टेकडीचा हिशोब वेगळ्या वहीत आणि सळईचा वेगळ्या. दोन्ही वह्या एकत्र उघडल्याशिवाय खरं कळत नाही.

अधिकारी म्हणतील, एवढी माहिती आणायची कुठून, कामं रखडतील. साथींनो, हे खोटं आहे. खडी, मुरूम, रेतीच्या प्रत्येक गाडीला रॉयल्टीचा वाहतूक परवाना लागतो. गाडी कुठल्या खाणीतून निघाली ते त्यावर असतं, आणि ठेकेदाराला बिलासोबत रॉयल्टीचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे पाळण्याचा पत्ता सरकारच्या कपाटात आहेच. तो फक्त आमच्यासमोर ठेवायचा आहे. आणि 5 फेब्रुवारी 2013 च्या केंद्राच्या पत्रकाने ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली ती रस्ता, कालवा, वीजवाहिनी अशा लांबट कामांना. त्यातही आदिम जमातींच्या हक्कांना धक्का लागत असेल तर सूट नाही. वनजमिनीवरच्या खाणीला तर त्या पत्रकात सूट नव्हतीच. पूल सुटला म्हणून खडी सुटत नाही.

एक गोष्ट आपसात बोलायची आहे. कार्बन मोजायला लागले की लाल विटेवर संक्रांत येणार. वीजकेंद्राची राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश, तिच्या विटा वापरा असं सरकार 1999 पासून सांगत आहे. भट्टी बंद झाली तर आम्ही रडणार नाही. पण भट्टी बंद होईल त्या वर्षी बयाणा न घेता घर कशावर चालेल, याचं उत्तर आधी पाहिजे. आमच्या काही वडीलधाऱ्यांचं म्हणणं आहे की भट्टी वाईट पण निदान काम देते. त्यांना आम्ही चूक म्हणत नाही. हिशोब फक्त धुराचा झाला आणि माणसाचा नाही, तर त्यांचीच भीती खरी ठरेल.

म्हणून आमची मागणी:

1. सरकारी बांधकामात मालाचा दाखला सक्तीचा करा, पण त्यात खाणीचं गाव, जमिनीचा प्रकार आणि वनजमीन असेल तर ग्रामसभेच्या ठरावाचा क्रमांक लिहा.

2. वीट असेल तर भट्टीचं ठिकाण आणि मजुरी कशी दिली ते लिहा. बयाण्यावर राबवलेल्या हातांची वीट सरकारी कामाला नको.

3. कामाच्या जागेवरची झाडं, टेकडी, ओढा त्याच हिशोबात धरा.

4. हा कागद मराठीत, कामाच्या फलकावर लावा आणि पाड्याच्या बैठकीत वाचून दाखवा.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर हातावर हात धरून बसायचं कारण नाही. माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज, उत्तराची मुदत 30 दिवस. आपल्या पाड्यातल्या शाळेला, गटाराला, रस्त्याला लागलेली खडी कुठल्या खाणीची, रॉयल्टीच्या पावत्यांच्या प्रती द्या, एवढंच विचारा. लिहिता येणाऱ्या पोरापोरींनी दर पाड्यातून एक अर्ज करावा. आलेली उत्तरं एका वहीत उतरवून पुढच्या बैठकीला आणा.

ती वही आपल्या हातात असेल.

जोहार! जिंदाबाद!