कुंपणच शेत खाते तेव्हा...

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेतील ज्येष्ठ नागरिकांच्या ‘मेडिकेअर’ या सरकारी आरोग्य विमा योजनेत दहा महागड्या औषधांच्या वाटाघाटीने ठरलेल्या किमती लागू झाल्या. सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने दुकानदाराशी भाव करावा, यात नवल ते काय? नवल याचे की, एवढा साधा व्यवहारधर्म पाळण्याची मुभा मिळवायला जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्राला दोन दशके लागली.

ही मुभा हिरावली गेली ती २००३ साली. मेडिकेअरमध्ये औषधांचा खर्च समाविष्ट करणारा कायदा त्या वर्षी झाला. उद्देश स्तुत्यच होता. परंतु औषध कंपन्या आणि विमा कंपन्या यांच्यातील भावनिश्चितीत सरकारने हस्तक्षेप करू नये, असे एक कलम त्यात अलगद बसविण्यात आले. माजी सैनिकांसाठी स्वतः भाव ठरवून औषधे घेणारे सरकार वृद्धांच्या बाबतीत मात्र हात बांधून बसले! २२ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे प्रतिनिधिगृहातील मतदान जवळपास तीन तास चालू ठेवून २२० विरुद्ध २१५ मतांनी ते विधेयक पार पडले. मेडिकेअरच्या मुख्य विमागणितज्ञाने दहा वर्षांचा खर्च पाचशे अब्ज डॉलर्सच्या पुढे जाईल, असे हिशेब करून सांगितले होते; मात्र तो आकडा लोकप्रतिनिधींपर्यंत पोहोचू देण्यात आला नाही.

पुढचा अध्याय अधिक बोलका आहे. हे विधेयक घडविण्यात पुढाकार घेणारे समिती अध्यक्ष बिली टॉझिन २००५ साली औषध कंपन्यांच्या ‘फार्मा’ या संघटनेचे प्रमुख झाले. माजी सदस्यांना वर्षभर सभागृहात रदबदली करण्यास मनाई होती. उद्योगाच्या संघटनेचे प्रमुखपद स्वीकारण्यास नव्हती. कायद्याचे अक्षर पाळले गेले, आत्मा मात्र हरवला. हा दोष एकाच पक्षाचा म्हणावा, तर तसेही नाही. २००९ साली सत्तांतरानंतरच्या आरोग्य सुधारणेच्या वेळी नव्या सत्ताधाऱ्यांनीही याच संघटनेशी समझोता केला. वाटाघाटींचे दार उघडले ते २०२२ च्या कायद्याने, आणि तेही मोजक्या औषधांपुरते.

संशोधनाला पैसा लागतो, हा कंपन्यांचा युक्तिवाद खोटा नाही. परंतु संशोधनाचे मोल किती, हे विकणाऱ्यानेच ठरवायचे आणि घेणाऱ्याच्या प्रतिनिधीने मान डोलवायची, याला बाजारही म्हणत नाहीत आणि लोककल्याणही म्हणत नाहीत.

भारताने यातून बोध घ्यावयास हवा. २०१८ साली सुरू झालेल्या ‘आयुष्मान भारत’ योजनेच्या कक्षेत २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्व नागरिक आले. सरकार जितके मोठे गिऱ्हाईक होईल, तितके त्याच्या दारात हितसंबंधांचे पाय वाजू लागतील. निवृत्त वरिष्ठ अधिकाऱ्यास वर्षभरात खासगी नोकरी धरायची तर परवानगी लागते. लोकप्रतिनिधींना तेवढेही बंधन नाही. उपचारांचे दर कोण ठरवतो, ठरविणाऱ्याचे कोणाशी नाते आहे आणि पद सोडल्यावर तो कोठे जातो, हे जनतेला उघडपणे कळले पाहिजे. शेत आपले आहे. कुंपणावर लक्ष ठेवण्याचे कामही आपलेच आहे.