प्रयोगाचा डबा आणि अनर्थदंड



सुट्ट्या लागल्या की नववी ते बारावीच्या मुलांच्या खोलीत एक नवा डबा दिसायला लागतो. बुटांचं जुनं खोकं, आत बाटल्या आणि पुड्या. पोटॅशियम परमँगनेट, हायड्रोजन पेरॉक्साइड, पोटॅशियम नायट्रेट, कधी नुसतं 'पोटॅश' म्हणून कागदात बांधून आणलेली पांढरी पूड. व्हिडिओ बघून मागवलेलं असतं. कुरिअरवाला दारात येतो आणि पार्सल आपणच घेतो. मुलगा गेम सोडून काहीतरी शिकतोय याचा आनंद होतो. मलाही होतो, विज्ञानाशी माझं भांडण नाही. पण त्या खोक्यातल्या बऱ्याच वस्तू एकाच जातीच्या असतात, आणि ती जात कोणती हे घरातल्या बाईला कळलंच पाहिजे असं माझं मत आहे.

या जातीला ऑक्सिडायझर म्हणतात, मुलांच्या पुस्तकात 'ऑक्सिडक' असा शब्द आहे. चितेगावात राहणाऱ्या आपल्याला त्याची खूण अनोळखी नाही. पैठण रस्त्यावरून कंपन्यांकडे जाणाऱ्या टँकरवर कधीकधी पिवळा चौकोन उभा-तिरपा लावलेला असतो, त्यात एक गोल आणि गोलावर ज्वाळा. तीच ही खूण. बाटल्यांवर ती लाल कडेच्या चौकोनात असते. साधी ज्वाळा असेल तर वस्तू स्वतः पेटते. ज्वाळेखाली गोल असेल तर ती दुसऱ्याला पेटवते.

हा फरक स्वयंपाकघरातून समजून घेऊ. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर आपण वर झाकण ठेवतो. हवा बंद, आग बंद. ऑक्सिडक म्हणजे घट्ट बांधून ठेवलेला प्राणवायू. त्याच्या जोडीने काही पेटलं तर बाहेरच्या हवेची गरज उरत नाही, म्हणून झाकण, ओलं पोतं, गोधडी यांनी ते विझत नाही. एकटा असताना तो डब्यात मिठासारखा गप्प बसतो. मुलगा काडी लावून दाखवतो आणि म्हणतो, "बघ, हे जळतसुद्धा नाही." खरं आहे. तो स्वतः जळत नाही म्हणूनच त्याची भीती वाटत नाही.

काडेपेटी बनवणाऱ्यांना हे फार पूर्वी कळलं होतं. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं आणि पेटीच्या बाजूच्या तपकिरी पट्टीवर तांबडा फॉस्फरस. दोघांना मुद्दाम वेगळं ठेवलंय, भेट फक्त घासताना आणि तीही कणभर. सगळी सुरक्षा त्या अंतरात आहे. आपल्या कपाटांत हे अंतर कोण पाळतं? एका खोक्यात परमँगनेट, शेजारी गंधकाची पुडी, वर साखरेच्या प्रयोगाची साखर, आणि खालच्या कप्प्यात देवघराचं सामान: तूप, कापूर, वाती, धूप. हे सगळं इंधनच आहे.

आता त्या 'पोटॅश'विषयी. दिवाळीला लोखंडी नळीत गंधक-पोटॅश भरून, खिळा लावून आपटायची बंदूक तुम्ही पाहिली असेल. त्यातलं पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोरेट. गंधकाबरोबर ते इतकं तापट होतं की घासण्याने, आपटण्याने, डब्याचं झाकण फिरवतानाच्या रगडण्यानेही उडू शकतं. खलबत्त्यात कुटणाऱ्याची बोटं आणि डोळे दोन्ही जातात. म्हणूनच केंद्र सरकारने १९९२ साली गंधक आणि क्लोरेट एकत्र असलेलं स्फोटक बनवायला आणि बाळगायलाही बंदी घातली. फटाक्यांच्या कारखान्याला जे करायची परवानगी नाही ते आपली पोरं गच्चीवर करतात.

नावाचा घोळ वेगळाच. शेतीच्या दुकानात पोटॅश मागितलं तर म्युरेट ऑफ पोटॅश मिळतं, ते क्लोराइड, साधं खत, या अर्थाने निरुपद्रवी. क्लोराइड आणि क्लोरेट, उच्चारात फरक केवढासा! आणि ठिबकमधून सोडायच्या ज्या खताच्या पिशवीवर १३:००:४५ लिहिलेलं असतं ते पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे शोरा. तो मात्र याच जातीचा. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी ही पिशवी डिझेलच्या कॅनजवळ, कडब्याजवळ ठेवू देऊ नये.

२९ ऑक्टोबर २०१६ आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल. दिवाळीच्या आदल्या दिवशी औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषद मैदानावरचा फटाका बाजार पेटला आणि शंभराहून जास्त दुकानं बघता बघता गेली. आग एवढी पळाली कशी, असं तेव्हा सगळे विचारत होते. फटाक्याच्या दारूत इंधन आणि ऑक्सिडक शेजारी-शेजारीच बांधलेले असतात. एक दुकान पेटलं की पुढच्याला हवेची वाट बघावी लागत नाही. घरातलं खोकं म्हणजे त्या मैदानाचा लहानसा कोपरा, फक्त तिथे निदान परवान्याची पाटी होती.

सगळ्यात फसवा प्रयोग परमँगनेटचा. आपल्या आज्यांना ते 'लाल औषध' म्हणून माहीत, विहिरीत टाकायचं, पाय धुवायचं. त्यामुळे ते औषध, मग त्याची भीती कसली? पण त्यावर ग्लिसरीन पडलं, तेच ग्लिसरीन जे आपण भेगाळलेल्या टाचांना लावतो, तर काडी न लावता आग लागते. घात असा की ती लगेच लागत नाही. काही सेकंद काहीच होत नाही. मुलाला वाटतं प्रयोग फसला, म्हणून तो बघायला वाकतो, आणि नेमकी तेव्हाच ज्वाळा तोंडासमोर उठते. व्हिडिओत हा थांबण्याचा वेळ कापून टाकलेला असतो.

पेरॉक्साइडचं थोडक्यात सांगते. औषधाच्या दुकानातलं सौम्य असतं, पार्लरमधलं त्याहून तीव्र, आणि प्रयोगासाठी मागवलेलं तीस टक्क्यांचं कातडीला लागलं तर जागा पांढरी पडून आग होते. ते आपोआप सुटून प्राणवायू सोडत राहतं, म्हणून घट्ट बुचाच्या दुसऱ्या बाटलीत, विशेषतः पाण्याच्या बाटलीत, कधीच ओतून ठेवू नये. बाटली फुगून फुटते. आणि चौविहार सुटल्यावर सकाळी कुणी ती पाण्याची समजून तोंडाला लावली तर काय होईल याचा विचारही नको.

टीसीएल पावडर तर ग्रामपंचायतीकडून आपल्याच हातात येते, टाकीत टाकायला. हीही याच जातीची. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ती मिसळली की क्लोरीन वायू निघतो. 'दोन्हींनी जास्त स्वच्छ होईल' हा विचार बंद न्हाणीघरात जिवावर बेततो.

आणि आपल्या समाजाला लागू असलेली एक गोष्ट. आपल्यात सराफी करणारी घरं पुष्कळ. नायट्रिक ॲसिड म्हणजे तेजाब आपल्याला नवीन नाही, पण तेजाबाचं काम करणारा कारागीर धुराड्याखाली, बाहेर, अनुभवाने करतो. आता मुलं जुन्या टीव्ही-मोबाइलच्या बोर्डातून सोनं काढायचे व्हिडिओ बघतात. व्हिडिओकॉनच्या गावात असली भंगार बोर्डं मिळायला काय तोटा! तेजाबातून जो तांबूस-तपकिरी धूर येतो तो श्वासात गेला तर त्या वेळी थोडा खोकला येऊन माणूस बरा वाटतो, जेवतो, झोपतो. फुफ्फुसात पाणी भरायला नंतर कित्येक तासांनी सुरुवात होते. म्हणून तो धूर ओढलेल्याला 'आता ठीक आहे' म्हणून घरी ठेवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि कोणता धूर ते डॉक्टरांना सांगा. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या दुकानदारांना नोंदवही ठेवायला सांगितलं, १८ वर्षांखालच्यांना विक्री बंद केली. मग आपल्या बारावीच्या मुलाला ते कुणाच्या नावावर मिळतं, हा प्रश्न घरातच विचारायला हवा.

यावरून माझ्या जाऊबाईंशी माझा वाद झाला. त्यांचं म्हणणं, मुलगा हुशार आहे, अडवलं तर चोरून करेल. चोरून करेल हे त्यांचं बरोबर आहे, म्हणून मी बंदीच्या बाजूची नाही. पण त्या पुढे म्हणाल्या, "आपण काय, फक्त पैसे दिले." इथे माझं पटलं नाही. गुणव्रतांमध्ये अनर्थदंडविरमण आपण पाठ करतो. त्यात हिंसादान सांगितलंय: शस्त्र, अग्नी, विष यांसारखी घाताची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. आणि प्रमादचर्या, म्हणजे निष्काळजीपणाने वागणं. पाणी गाळताना, धान्य निवडताना आपण मुंगीची काळजी घेतो. चतुर्दशीला हिरवी भाजी चिरत नाही. आणि ज्याने हात-डोळे जातील ती पुडी न वाचता सही करून घेतो. ज्याने मागवलं त्याला मोह होता, वय होतं. ज्याने पैसे दिले त्याला काय होतं? जाऊबाई रागावल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खोकं बघायला मला बोलावलं, म्हणून हे लिहायचं धाडस झालं.

आम्ही काय केलं ते सांगते. काहीही मोरीत ओतलं नाही, घंटागाडीत टाकलं नाही, एका डब्यातलं दुसऱ्यात केलं नाही. प्रत्येक बाटली तिच्या लेबलासकट, कोरडी, एकमेकींपासून लांब ठेवली. गंधक वेगळ्या खोलीत. बिनलेबलाच्या पुडीला हात लावला नाही, हलवली नाही. मुलाला समोर बसवून काय कुठून आणलं ते लिहून घेतलं, न ओरडता, कारण ओरडलं की अर्धं लपवतात. आणि यादी घेऊन त्याच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या सरांना विचारलं. ज्यांच्या घरचं कुणी कंपनीत आहे त्यांनी तिथल्या सेफ्टी ऑफिसरला विचारावं, आपल्या गावात असे पुष्कळ आहेत. सरांनी मुलाला शनिवारी प्रयोगशाळेत यायला सांगितलंय, चष्मा लावून, त्यांच्यासमोर. तो खूश आहे.

अंगावर काही सांडलं तर कपडे काढून नळाखाली निदान वीस मिनिटं. डोळ्यात गेलं तर तेवढाच वेळ पाण्याची धार, आणि मग दवाखाना. लिंबू, सोडा, टूथपेस्ट, हळद काही नाही. आग लागली तर झाकायला जाऊ नका, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ लावा, रुग्णवाहिकेला १०८. फोनवर 'केमिकल आहे' एवढंच नको, बाटलीवरचं नाव वाचून सांगा, म्हणून ती यादी फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवा.