क्लोरीनच्या सिलिंडरवर पाणी ओतू नका

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळचे रुग्ण संपवून मी जेवायला उठणार, तेवढ्यात दोघांनी एका तिशीतल्या तरुणाला दंडाला धरून दवाखान्यात आणले. डोळे लालभडक, नाकातून पाणी आणि खोकला असा की एक वाक्य पुरे होईना. कपड्यांना जो वास होता तो टीसीएल पावडरीचा डबा उघडल्यावर येतो तो. फक्त त्याच्या दसपट उग्र.

"काय हुंगलंस रे?" मी विचारले.

"सिलिंडर गळाला डॉक्टरसाहेब. म्या दोन बादल्या पाणी मारलं, तर जास्तीच सुटला."

हा मुलगा आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावच्या जलशुद्धीकरण केंद्रावर ठेकेदाराकडून कामाला आहे. गावाचे नाव लिहीत नाही, कारण तेवढ्या एकाच गावात असे घडते असा गैरसमज व्हायला नको. आज या सदरात मधुमेहाच्या पथ्यावर लिहायचे ठरवले होते. ते पुढच्या आठवड्यात. नळाला येणारे पाणी आपण रोज पितो, पण ते शुद्ध करणारा वायू कोण, कशातून आणि कशाच्या भरवशावर सोडतो हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

बीड शहराला माजलगाव धरणातून येणारे पाणी असो की अंबाजोगाईला मांजरा धरणातून येणारे, ते गाळले, निवळले तरी जंतू राहतातच. म्हणून शेवटी क्लोरीन. लहान ग्रामपंचायतीत हे काम टीसीएल पावडर करते. मोठ्या योजनांवर मात्र क्लोरीन वायू वापरतात. तो १०० किलोच्या उभ्या सिलिंडरमधून किंवा सुमारे ९०० किलोच्या आडव्या टनरमधून येतो. आत तो वायू नसून द्रव असतो, दाबाखाली कोंडलेला. ३० अंश तापमानाला हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८ किलो असतो, ४० अंशांना १० किलोच्या वर जातो. आपल्याकडचा मे महिना आठवा आणि पत्र्याच्या शेडबाहेर उन्हात पडलेला सिलिंडर डोळ्यांसमोर आणा. द्रवाचा एक लिटर बाहेर पडला तर त्याचा साडेचारशे लिटरहून अधिक वायू होतो, आणि तो हवेपेक्षा अडीचपट जड असल्याने वर उडून न जाता जमिनीलगत, नालीतून, उताराच्या वस्तीकडे वाहत जातो.

आता मुख्य मुद्दा. कोरडा क्लोरीन लोखंडाला फारसा त्रास देत नाही. म्हणून तर तो पोलादी सिलिंडरमध्ये वर्षानुवर्षे भरता येतो. पण त्यात ओल शिरली की त्याचे आम्ल होते. हे आम्ल पोलाद, पितळ, तांबे काही म्हणता काही ठेवत नाही. व्हॉल्व्हचे आटे खाते, नळी आतून पोखरते. बाहेरून रंग शाबूत आणि आत चाळणी. म्हणजे सिलिंडरपासून पाण्यापर्यंतच्या त्या चार-सहा हातांच्या वाटेत सगळी कसरत एकाच गोष्टीची आहे : वायू पाण्याकडे गेला पाहिजे, पाणी वायूकडे येता कामा नये.

त्यासाठी क्लोरिनेटर नावाचे यंत्र असते. त्याची युक्ती मोठी छान आहे. पंपाचे पाणी एका अरुंद तोंडातून जोराने सोडतात, त्यामुळे तिथे ओढ निर्माण होते. ही ओढ सिलिंडरवर बसवलेल्या रेग्युलेटरपर्यंत पोहोचली तरच त्याचा पडदा उघडतो आणि वायू निघतो. वीज गेली, पंप थांबला, ओढ संपली की पडदा आपोआप बंद. पुढची नळी फुटली तरी वायू बाहेर न येता उलट हवाच आत ओढली जाते. पाणी मागे फिरू नये म्हणून वाटेत एकमार्गी झडप असते. रोज दहा वेळा वीज जाणाऱ्या मुलखात याहून चांगली व्यवस्था सुचवता येणार नाही.

पण त्या केंद्रावरचा क्लोरिनेटर दीड महिना नादुरुस्त होता. "सायबांनी सांगितलं, तात्पुरती नळी थेट हौदात सोड." आपल्याकडे तात्पुरते म्हणजे किती दिवस हे मी सांगायला नको. नळी हौदात बुडाली की काय होते ते पाहा. द्रवाचा वायू होताना सिलिंडर थंड पडतो, आतला दाब उतरतो. सिलिंडर संपत आलेला असेल तर दाब आणखी कमी. शिवाय नळीत उरलेला वायू पाण्यात विरघळतो, तिथे पोकळी होते आणि हौदातले पाणी नळीतून वर चढत थेट व्हॉल्व्हपर्यंत येते. पेल्यात स्ट्रॉ घालून ओढल्यासारखे. एकदा हे झाले की पुढच्या काही दिवसांत व्हॉल्व्ह गळणार हे ठरलेले. त्या दुपारी तेच झाले, आणि पोराने आयुष्यभर आगीबद्दल जे ऐकले होते ते केले. बादली उचलली.

गळत्या क्लोरीनवर पाणी टाकणे म्हणजे दोन चुका एकदम. गळतीच्या जागी आम्ल तयार होऊन भोक मोठे होते. आणि थंडगार पडलेल्या सिलिंडरला पाण्याची ऊब मिळून आतला द्रव अधिक वेगाने उकळू लागतो. खरा उपाय मागे फिरण्याचा आहे : वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला आणि चढावर जायचे, आणि मास्क घातलेल्या माणसानेच व्हॉल्व्ह बंद करायचा. टनर असेल तर तो असा फिरवतात की गळती द्रवाची न राहता वायूची राहील. नुकसान कितीतरी कमी होते. व्हॉल्व्हवर बसवायची टोपी, वितळणाऱ्या सुरक्षा बुचासाठीचे झाकण असे साहित्य असलेली पेटी मिळते. सुमारे ७० अंशांना वितळणारे हे बूच सिलिंडर फुटू नये म्हणून असते, त्यामुळे आग लागली तर न गळणारा सिलिंडर पाण्याने गार ठेवणे बरोबरच. गळता मात्र नाही.

ओल काय करू शकते याचा सर्वांत भयंकर धडा याच देशात मिळाला आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. आत मिथाइल आयसोसायनेट होते. तो वेगळा पदार्थ, त्याची पाण्याशी होणारी क्रियाही वेगळी. पाणी कसे शिरले यावर पुढे वर्षानुवर्षे वाद झाले. शिरले एवढे खरे. आणि नुसत्या दुर्लक्षाने क्लोरीन काय करतो हे मुंबईने १४ जुलै २०१० रोजी पाहिले. शिवडीच्या हाजी बंदरावर अनेक वर्षे बेवारस पडलेल्या गंजक्या सिलिंडरांतून गळती होऊन शंभराच्या आसपास माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. आपल्या जलकेंद्रांच्या मागच्या भिंतीला टेकून बाभळीखाली पडलेला एखादा जुना सिलिंडर आहे का, हे नगरसेवकांनी एकदा जाऊन पाहावे. 'रिकामा' म्हणून तो सोडलेला असतो. रिकामा म्हणजे आत थोडा वायू असतोच, आणि व्हॉल्व्ह उघडा राहिला तर पावसाळ्याची दमट हवाही असते.

आता त्या मुलाकडे येतो. आम्ही कपडे काढायला लावले, डोळे पंधरा मिनिटे साध्या पाण्याने धुतले (पाणी टाकायचे ते इथे), ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर दिला. तासाभरात खोकला उतरला. "आता बरं वाटतंय, घरी जाऊ का?" सोबतचेही म्हणाले, साहेब, काहीच तर नाही आता. इथेच घात होतो. क्लोरीन फुप्फुसातल्या ओलाव्यात विरघळून तिथेही आम्लच तयार करतो, आणि फुप्फुसात पाणी साचायला कित्येकदा काही तास लागतात. माणूस बरा म्हणून चालत घरी जातो, जेवतो, झोपतो आणि रात्री दम कोंडतो. म्हणून ज्याला चांगलाच वायू लागला आहे त्याला चालवायचे नाही, श्रम करू द्यायचे नाहीत आणि दिवसभर तरी डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवायचे. मी त्याला अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले. रात्री दहाच्या सुमारास त्याचा श्वास खरोखरच वाढला. तिथे होता म्हणून निभावले. तिसऱ्या दिवशी घरी आला.

घरातल्या भगिनींनीही एक ध्यानात ठेवावे. संडास धुताना ब्लीचिंग पावडर आणि ऍसिड एकत्र टाकले की बंद न्हाणीघरात हाच वायू निघतो. असे रुग्ण माझ्याकडे वर्षाला एखाददुसरा येतोच.

हे वाचून कुणी म्हणेल, मग नकोच तो क्लोरीन. तसे अजिबात नाही. मी जुन्या काळातल्या हगवणीच्या साथी पाहिल्या आहेत. एकाच गल्लीतली सलाइन लावलेली माणसे ओसरीवर ओळीने झोपलेली पाहिली आहेत. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असलाच पाहिजे. ओटी टेस्ट करून ते कुणालाही पाहता येते. भीती वायूची नसून त्याच्या हाताळणीची आहे.

लहान नगरपंचायतींनी वायूऐवजी सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण वापरावे असे माझे मत आहे. ते उन्हाने लवकर कमजोर पडते, ताजे आणावे लागते, हिशेबाने महागही वाटते. तरी ते गळले तर फरशी खराब होते, वस्ती रिकामी करावी लागत नाही. जिथे वायूच वापरायचा आहे तिथे मात्र काही खर्च टाळता येणार नाहीत. सिलिंडर बदलताना दर वेळी शिशाची नवी वॉशर. जुनी ठोकून सरळ करून वापरायची नाही. नळी काढली की तिच्या तोंडाला लगेच टोपण, हवेतली ओल जाऊ नये म्हणून. सिलिंडर शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा न करता थोडा दाब असतानाच बंद करायचा. जोडणीनंतर अमोनियाच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा सांध्याजवळ फिरवायचा. पांढरा धूर दिसला तर गळती आहे. पंखा जमिनीलगत, कारण वायू खालीच साचतो. आणि मास्क खोलीच्या बाहेर टांगलेला. एका केंद्रावर मी चौकशी केली तेव्हा मास्क होता, पण सिलिंडरच्याच खोलीत कपाटात, कुलूप लावून. चोरीला जाऊ नये म्हणून!

सिलिंडर बदलायला नेहमी दोन माणसे हवीत. त्या दुपारी तो एकटा होता. बाहेर पाणी भरायला आलेल्या टँकरवाल्यांनी त्याला ओढून काढले.

मी त्या कार्यालयाला एक पत्र लिहिले होते. त्याचे उत्तर आले नाही. पण परवा तो तपासायला आला होता; छाती आता स्वच्छ आहे, जिना चढताना थोडी धाप लागते. जाताना दारातून वळून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, वॉशरचं पाकीट आलंय. मशीनबी दुरुस्त झालं." मास्कचे विचारले, तर म्हणाला, मागणी गेली आहे.