घरपट्टी एकाची, जमीन दुसऱ्याची

२००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती. २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजार ६५१ वर आली. जिथे माणसेच कमी होतात तिथे घरांची टंचाई कसली, असे कागद बघणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय वाडीवाडीत कुलूप लागलेली घरे दिसतात. गणपतीत ती उघडतात, मे महिन्यात पुन्हा उघडतात, एरवी बंद. तरीही मालवण तालुक्यातल्या तारकर्ली, देवबाग, वायरी, आचरा या पट्ट्यातल्या तरुण जोडप्याला वेगळी चूल मांडायची म्हटली की जागा मिळत नाही. घरे रिकामी आणि माणसे अडचणीत, ही दोन्ही चित्रे एकाच वेळी खरी आहेत. दोन्हींचे मूळ घराच्या भिंतींत नाही, घराखालच्या जमिनीत आहे. घरकुलाच्या चर्चेत नेमकी तीच बाजू राहून जाते, आणि पुढच्या काही वर्षांत त्याची किंमत मोजावी लागेल अशी मला भीती वाटते.

कोकणातले गाव देशावरच्या गावासारखे एका ठिकाणी वसलेले नाही. नोंदलेले गावठाण असलेच तर टीचभर. बाकी वस्ती वाड्यांमध्ये पसरलेली, प्रत्येक घर कोणाच्या तरी खाजगी जमिनीत. ग्रामपंचायतीच्या असेसमेंट उताऱ्यावर घर एकाच्या नावाचे असते, घरपट्टी तो भरतो, वीजबिल त्याच्या नावाने येते. पण सात-बारा काढला की आजोबांच्या भावंडांपासूनचे सगळे वारस रांगेने उभे. काही मुंबईत लालबाग-परळ सोडून आता विरार-बदलापूरला, काहींचा पत्ताच नाही, काही मयत पण नावे कमी झालेली नाहीत. अशा जमिनीवर नवे घर बांधायचे तर सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. बँक गृहकर्जाला सात-बारा मागते, असेसमेंट उतारा तिला पुरत नाही. बंद घराचेही तेच. ते विकता येत नाही, नीट भाड्याने देता येत नाही, आणि डागडुजीचा खर्च कोणी करायचा यावर चुलत्यांचे एकमत होत नाही. पावसाळ्यात कौले सरकतात, वासे कुजतात, मग एके वर्षी मातीची भिंत बसते.

मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या चाकरमान्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच्या मनीऑर्डरीवर ही घरे उभी राहिली, आणि निवृत्तीनंतर परत येण्याची त्याची इच्छा बहुधा खरी असते. अडचण त्याच्या मनात नाही, फेरफाराच्या वहीत आहे.

आता सरकारी योजनेकडे पाहू. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ पासून चालू आहे. साध्या भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये, किमान २५ चौरस मीटरचे घर, रोजगार हमीतून मजुरीचे दिवस, शौचालयाचे १२ हजार वेगळे. महाराष्ट्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यावर आणखी ५० हजारांची भर जाहीर केली आणि घरकुलासाठी पाच ब्रास वाळू मोफत देण्याचे धोरण आणले. चिऱ्याचा, वाहतुकीचा आणि गवंड्याच्या मजुरीचा आजचा दर पाहता ही वाढ हवीच होती. पण हा सगळा पैसा भिंती आणि छपराचा. लाभार्थ्याकडे निर्वेध जागा आहे असे योजना धरून चालते. नसेल तर राज्याने द्यावी, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. देशावर निदान गायरान दाखवता येते. किनारपट्टीवर जवळजवळ प्रत्येक कुणगा, म्हणजे भातशेतीचा तुकडा, आणि प्रत्येक भरड जमीन कोणाच्या तरी खात्यात आहे.

जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेला आधी ५० हजार रुपये मिळत, आता १ लाख. गुंठ्याच्या हिशेबात हे अर्ध्या गुंठ्याहूनही कमी. समुद्र दिसणाऱ्या जमिनीचा मालक या रकमेत तुकडा देईल, असे धरायला फार मोठा आशावाद लागतो. दिलाच, तरी तुकडेबंदी कायदा वाट अडवी. बागायतीचे प्रमाणभूत क्षेत्र १० गुंठे, जिरायतीचे २०. अलीकडे घरकुलासाठी नियमांत सवलत आली हे चांगले झाले, पण सवलत घ्यायलाही मुळात सात-बारा स्वच्छ हवा. म्हणजे पुन्हा तिथेच.

दुसऱ्या बाजूने जमिनीला गिऱ्हाईक वाढते आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. महामार्ग रुंदावला, ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचा विमानतळ सुरू झाला. यांतले काहीच वाईट नाही, स्थानिकांनीच ते मागितले होते. मात्र या प्रत्येक गोष्टीने मालवणची जमीन मुंबई-पुण्याच्या पैशाच्या टप्प्यात आणली. २०१४ मध्ये कूळकायद्याच्या कलम ४३ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहा वर्षे उलटलेली कूळजमीन साऱ्याच्या ४० पट रक्कम भरून पूर्वपरवानगीशिवाय विकता येऊ लागली. तिने कुळाच्या वारसाची अडवणूक संपवली, हे मान्य करायला हवे. त्याच दुरुस्तीने त्याच्या जमिनीपुढे बाजारही उभा केला. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेऊ न देणारे कलम ६३ आहे, पण ते शेतकऱ्याचे रक्षण करते, गावकऱ्याचे नाही. कुठल्याही तालुक्यात खातेदार असलेला माणूस इथे येऊन जमीन घेऊ शकतो, आणि घेतो.

सगळ्यांत नाजूक प्रकार अविभक्त हिश्श्याच्या विक्रीचा. विरारचा पुतण्या स्वतःचा हिस्सा परस्पर विकतो, आणि एक दिवस घरात राहणाऱ्या काकाला कळते की सात-बारावर अनोळखी नाव चढले आहे. १८९३ चा विभाजन कायदा आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम २२ घरच्या माणसाला असा हिस्सा आधी विकत घेण्याचा अधिकार देतात. कलम २२ शेतजमिनीलाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. पण हा अधिकार वापरायला कोर्टात जायचे बळ आणि किंमत मोजायची ऐपत लागते. वाडीतल्या किती जणांना हा अधिकार असल्याचे ठाऊक आहे, हा वेगळाच प्रश्न.

मच्छीमाराची कोंडी आणखी घट्ट आहे, कारण तो किनारा सोडून राहू शकत नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायला माणसे हाकेच्या अंतरावर लागतात. होडी वर घ्यायची, जाळी सुकवायची, वाऱ्याचा रंग बदलला की उठून पाहायचे, हे सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, वसाहतीतून जमणारे काम नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) २०११ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून २०० मीटर बांधकामाला बंदी ठेवली आणि पारंपरिक किनारी समाजाच्या घरांना १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात मुभा दिली. २०१९ च्या अधिसूचनेने दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या गावांसाठी ही रेषा ५० मीटरवर आणली, बाकीच्यांसाठी २०० च ठेवली. सिंधुदुर्ग जिल्ह्याची सरासरी घनता २०११ मध्ये १६३ होती. गावाची घनता काढताना डोंगर, सडा, माळ सगळे क्षेत्रफळात धरले जाते, त्यामुळे किनाऱ्यावर घराला घर लागून दाटीने राहणारी वाडीही सरासरीत विरळ दिसते. वाढलेल्या कुटुंबाला मागे सरकायचे तर मागची जमीन रिसॉर्टच्या भावाला गेलेली. देवबागसारख्या एका बाजूला कर्ली खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या चिंचोळ्या पट्ट्यात तर मागे म्हणजे पाणीच, आणि तिथला समुद्र दर पावसाळ्यात किनारा खातो. तळाशील-तोंडवळीचे दुखणेही याच जातीचे.

बंदीचा कायदा असू नये असे मी म्हणत नाही. तौक्ते वादळ मे २०२१ मध्ये याच किनाऱ्यावरून गेले, लाटेजवळचे घर धोक्याचे असते हे इथे कोणाला शिकवावे लागत नाही. प्रश्न असा की ज्याला मागे हटवायचे त्याला मागे जमीन कोण देणार.

भाड्याच्या घरांबद्दल कोणी बोलत नाही, कारण भाड्याने राहणे हे गावात गरिबीचे लक्षण मानत नसले तरी तात्पुरतेपणाचे मानतात. पण शिक्षक, परिचारिका, तलाठी, बँकेतला कारकून, हॉटेलातला आचारी, स्कूबाच्या होडीवरचा मुलगा, ही माणसे राहणार कुठे? समजा, एक खोली पर्यटकाला रात्रीचे दीड हजार रुपये मिळवून देते. महिन्यात पाच रात्री जरी भरल्या तरी गावातल्या नोकरदाराच्या ऐपतीतले भाडे मागे पडते. मग घरमालकाने खोली वर्षभर कशाला अडकवावी? न्याहारी-निवास योजनेने अनेक घरांतल्या बायकांच्या हातात प्रथमच स्वतःचा पैसा आला, त्यावर नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाच नाही. तरी याच योजनेच्या आडोशाने दहा-बारा खोल्यांची लॉज उभी राहतात, मालक बाहेरगावी आणि चालवायला पगारी व्यवस्थापक, तेव्हा त्यांना होमस्टे म्हणणे थांबवायला हवे. घरमालक त्याच घरात राहतो का, एवढी एकच अट ग्रामपंचायतीने कडक पाळली तरी बराच फरक पडेल.

बाहेर काय झाले ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील सेंट आयव्हज या मासेमारीच्या गावाने मे २०१६ मध्ये मतदान घेऊन नवी घरे फक्त कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत असा नियम केला. ऐंशी टक्क्यांहून अधिक मते बाजूने पडली. झाले असे की सुट्टीचे घर हवे असणारे नव्या घरांकडून जुन्या घरांकडे वळले. स्वित्झर्लंडने २०१२ च्या सार्वमतात गावातल्या दुसऱ्या घरांवर २० टक्क्यांची मर्यादा घातली, त्याची झळ बांधकामावर पोट असलेल्या डोंगरी गावांना लागली. निव्वळ बंदीने स्थानिकाला घर मिळत नाही, हा दोन्हींतला धडा. शेजारच्या गोव्याने वेगळी वाट धरली. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत घर असलेल्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. मामलेदार कचेरीत दावे वर्षानुवर्षे रखडले हे खरे, पण मुंडकाराला उठवणे अवघड झाले हेही खरे.

असा हक्क आपल्याकडे नाही असे नाही. कूळकायद्याची १६ ते १८ ही कलमे कुळाच्या, शेतमजुराच्या आणि कारागिराच्या घराखालच्या जागेला संरक्षण देतात, ती विकत घेण्याची वाटही देतात. ती राबवायला तालुक्याच्या कचेरीने स्वतःहून वाडीत जायला हवे. गावठाणापासून २०० मीटरपर्यंत अकृषिक परवानगीचा त्रास कमी करणारी तरतूद जमीन महसूल संहितेत आली, पण जिथे वस्तीच गावठाणाबाहेर आहे तिथे ते २०० मीटर मोजायचे कुठून? २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जातात. वाड्यांना गावठाणाचा दर्जा न देता ड्रोन उडवला तर नकाशा सुबक येईल आणि राहती घरे त्याच्या बाहेर राहतील. कोकणासाठी आधी वाडी-गावठाण जाहीर करणे हे कंटाळवाणे, मतांच्या दृष्टीने बिनफायद्याचे काम आहे. मला तरी घरकुलाच्या रकमेत आणखी ५० हजार घालण्यापेक्षा ते अधिक निकडीचे वाटते.

घरकुल योजनेचा दुसरा टप्पा २०२८-२९ पर्यंत मंजूर आहे. तेवढ्या काळात जागेअभावी मागे राहिलेल्यांची वेगळी यादी ग्रामसभेत वाचली गेली नाही, तर ती नावे अपात्रांच्या यादीत जाऊन बसतील आणि जिल्ह्याचे उद्दिष्ट कागदावर पूर्णही होईल. दरम्यान वारसांची संख्या वाढत जाते. आज सात-बारावर चौदा नावे असतील तर पुढच्या पिढीत ती चाळीस होतील, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी गाव पाहिलेलेही नसेल. कोणत्या चुलत्याचा मुलगा कुठे राहतो आणि कोणत्या गडग्यापर्यंत कोणाची वहिवाट, हे तोंडपाठ असलेली वयस्क माणसे अजून बहुतेक वाड्यांत आहेत. वाटपाची आणि वारसनोंदीची शिबिरे त्यांच्या हयातीत, शक्यतो चाकरमानी गावात असतात त्या गणपतीच्या दिवसांत लावावी लागतील.