त्यांचा ‘अचिंत्य भेद’ आणि आपली बौद्धवाडी



मालवणच्या किनाऱ्यावर आता गोव्याचं वारं पोहोचलंय. परवा अभ्यासवर्ग संपल्यावर एका तरुणाने मोबाईलवर गाणं लावलं. ‘‘ताई, हे गोरे बघा, संस्कृतात गातत!’’ त्याच्या आवाजात अभिमान होता. तो अभिमान नेमका कशाचा, हे तपासायला हवं.

बँडचं नाव कुला शेकर. ब्रिटिश सायकेडेलिक रॉक बँड, म्हणजे साठच्या दशकातल्या गुंगवणाऱ्या, सतारीच्या वळणाच्या रॉकचा वारसा सांगणारा. नावही कुलशेखर या आळवार राजावरून घेतलेलं. 1996 मध्ये त्यांचा ‘के’ हा पहिला अल्बम आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातलं ‘गोविंदा’ हे अख्खं संस्कृत गाणं तिथे सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. ‘तत्त्व’ या गाण्याला आधार चैतन्य संप्रदायाच्या ‘अचिंत्य भेदाभेद’ सिद्धांताचा.

भेद आणि अभेद एकाच वेळी आहेत, आणि हे बुद्धीच्या पलीकडचं आहे, असा त्या सिद्धांताचा ढोबळ अर्थ. लंडनच्या पोरांना हे गूढ वाटलं असेल. आपल्याला भेद समजायला ध्यान लावावं लागत नाही. कोकणातल्या कुठल्याही गावात जा, वाड्यांची नावं विचारा. भेद गावाच्या नकाशावरच दिसतो.

आता दुसरी गोष्ट आठवा. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव नावाच्या विद्यार्थ्याला संस्कृत शिकायचं होतं. जातीमुळे नकार मिळाला आणि फारशी घ्यावी लागली. पुढे बाबासाहेब स्वतःच्या कष्टाने संस्कृत शिकले आणि त्याच ग्रंथांची चिरफाड करत 1946 मध्ये ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ आणला. जी भाषा या देशातल्या मुलाला नाकारली, ती गोऱ्या गायकाच्या तोंडी आली की ‘भारताचा गौरव’ ठरते. अडचण संस्कृतची नाही. तिच्या दारावर कोण उभं आहे, याची आहे.

‘संगीताला जात नसते’, असं कोणी म्हणेल. सुराला नसतेच. पण भारताचा आवाज म्हणून कोणता सूर परदेशी जातो, ही निवड मात्र निष्पाप नसते. ‘के’च्या मुखपृष्ठावर इंग्रजी ‘के’ अक्षराशी नातं सांगणाऱ्या नामवंतांची चित्रं आहेत. वामनदादा कर्डकही त्याच अक्षराचे, आणि 1996 मध्ये ते हयात होते! पण त्यांचा भारत तिकडे पोहोचवणार कोण? मंत्र पोहोचला, जलसा पोहोचला नाही. याचा दोष त्या बँडला देऊन भागणार नाही. त्यांना जो भारत दाखवला गेला, तो त्यांनी गायला.

मग गिटार फेकून द्यायची का? मुळीच नाही. 2011 मध्ये मुंबईत कबीर शाक्य आणि साथीदारांनी ‘धम्म विंग्स’ हा बौद्ध रॉक बँड उभा केला. वाद्य परकं नसतं. ते कोणाची गोष्ट सांगतं, हे महत्त्वाचं.

म्हणून त्या तरुणाला एवढंच सांगितलं: गाणं जरूर ऐक, ठेकाही धर. पण ‘आपली संस्कृती जगात पोहोचली’ म्हणण्याआधी विचार, त्या ‘आपली’मध्ये आपली वाडी आहे का? नसेल, तर गिटार घे आणि वाडीचं गाणं लिही. आपल्या विहारात तालमीला जागा आहे.

जय भीम!