कुकडीतले सोने

जुन्नरला कुकडीच्या पात्रात परातीने वाळू धुण्याचा मला नाद आहे. तळाशी काळी रेती उरते; लोहचुंबक फिरवला की बरीचशी उचलली जाते. पिवळा कण मात्र नाहीच. मिळणार कुठून? इथला खडक सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. सोने धरणाऱ्या गारेच्या शिरा त्यात नाहीत. झारेकरी नदी सोडून सोनाराच्या दुकानातला केर धुतात, ते उगीच नव्हे!

पण बोरी बुद्रुकला नदीकाठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. कोणी ती सुमात्रातल्या टोबाची, ७५ हजार वर्षांपूर्वीची मानतात, तर कोणी ६ लाखांहूनही जुनी. तिथेच अश्मयुगीन हत्यारे सापडली. त्यांचे वय ठरायचे, तर थर जागेवर हवा. तो काठ वाळूउपशापासून राखलाच पाहिजे. मी तिथे परातही नेत नाही.