विमानाचा एक तास आणि व्यापाऱ्याचा हिशेब

परभणीला प्रवासी विमानतळ नाही. आपल्या जिल्ह्यातील व्यापाऱ्याला विमानाने मुंबईस जावयाचे तर आधी नांदेड गाठावे लागते. नांदेड ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे ४७० किलोमीटर, उड्डाण तास-सव्वा तासाचे. हा 'एक तास' ऐकून आमचे अनेक बांधव हुरळतात. पण मालाची किंमत काढताना आपण हमाली आणि गाडीभाडे धरतोच ना? मग वेळेच्या हिशेबात ते का सोडावे?

घरापासून बाजारापर्यंतचा हिशेब मांडून पाहू. परभणीहून नांदेड विमानतळ दीड तास. उड्डाणापूर्वी तासभर हजेरी. विमानात सव्वा तास. उतरून सामान घेईपर्यंत अर्धा तास. पुढे मुंबईचे विमानतळ उपनगरात आणि आपला घाऊक बाजार क्रॉफर्ड मार्केट, मोहम्मद अली रोड, मशीद बंदर या भागात. टॅक्सीला तास-सव्वा तास सहज लागतो. एकूण साडेपाच तास झाले, आणि तेही दिवसाचे, म्हणजे दुकानदारीचे. उलट देवगिरी एक्सप्रेस रात्रभर चालते आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर सोडते. तेथून क्रॉफर्ड मार्केट पायी जाता येते. झोपेत गेलेल्या वेळेने धंद्याचे काय नुकसान झाले?

दिल्लीचा हिशेब मात्र वेगळा आहे. सचखंड एक्सप्रेसने परभणीहून दिल्लीला पूर्ण एक दिवस लागतो. हवाई अंतर सुमारे १,०४० किलोमीटर, उड्डाण दोन तासांच्या आसपास. येथे जाता-येता दोन दिवस वाचतात. जो कारागीर कामावर बसला नाही तर त्या दिवसाची मजुरी गमावतो, त्याने तिकिटाच्या रकमेसमोर हे दोन दिवस ठेवून पाहावेत.

आणखी एक गोष्ट. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नांदेडच्या विमानतळाचे नूतनीकरण झाले. 'उडान' योजनेखाली २७ एप्रिल २०१७ रोजी हैदराबादची सेवा सुरू झाली. २०२२ मध्ये त्या कंपनीची विमाने थांबली, २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीने पुन्हा उड्डाणे सुरू केली. अशा चालू-बंद सेवेवर भरवसा ठेवून मालाचा वायदा कोण करील? व्यापार शब्दावर चालतो. शब्द मोडला तर गिऱ्हाईक विमान कंपनीला बोल लावीत नाही, आपल्याला लावते.

म्हणून परभणीलाच विमानतळ हवा, हा हट्ट तूर्त बाजूला ठेवावा, असे आमचे मत आहे. नांदेडची सेवा बारमाही राहावी आणि विमानाच्या वेळेला जोडून परभणीहून बस असावी, एवढीच मागणी आपल्या व्यापारी मंडळांनी एकजुटीने लावून धरावी. आणि तिकीट काढण्यापूर्वी प्रत्येकाने घराच्या उंबऱ्यापासून बाजाराच्या पेढीपर्यंतचे तास मोजावेत. ज्याचा हिशेब चोख, त्याच्याच धंद्यात बरकत.